किनाऱ्याजवळच्या प्लवकात सापडणारे बाणकृमी नेमके कोण, आणि त्यांच्या जाती कशा ओळखायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: किनाऱ्याजवळ ओढलेल्या प्लवक-जाळीत (पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, पकडायची जाळी) एक-दोन सेंटिमीटर लांबीचे, काचेच्या काडीसारखे पारदर्शक जीव भरपूर सापडले. पुस्तकात 'बाणकृमी' हे नाव मिळालं, पण जात ओळखायला घेतली की गाडी अडते, कारण सगळे सारखेच दिसतात. हे खरंच कृमी आहेत का, खातात काय, त्यांचे प्रकार किती, आणि जात ओळखण्यासाठी इतका वेळ घालवावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वेळ जरूर घालवावा. प्राणिप्लवकात संख्येने कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांच्या खालोखाल बहुतेक वेळा हेच असतात, आणि किनाऱ्याला लागलेलं पाणी कुठून आलं हे त्यांच्या जातींवरून जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसऱ्या फार थोड्या प्राण्यांवरून कळतं. मात्र ओळखीचा तक्ता घेऊन थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीपासून सुरुवात करू नका. तक्त्यात जी लक्षणं दिलेली असतात, म्हणजे डोक्यावरच्या वाकड्या आकड्यांची (हुकांची) संख्या, परांची (कडेच्या पातळ पडद्यांची) जागा, मानेवरची जाड त्वचा, शेपटीची लांबी, ती प्रत्येक त्या प्राण्याच्या शिकारीशी, तरंगण्याशी किंवा वीणीशी जोडलेली आहेत. त्याचं जगणं एकदा डोळ्यांनी पाहिलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

म्हणून आधी जिवंत पाहा. जाळी वर आल्याबरोबर थोडा नमुना पसरट काचेच्या डिशमध्ये, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडा. डिशखाली काळा कागद ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. पहिली काही सेकंदं बाणकृमी दिसतच नाही. दिसतात ते डोळ्यांचे दोन काळे ठिपके, आणि कधी कधी अंगाच्या मध्यावर अधांतरी लटकल्यासारखा एक केशरी कोपेपॉड, जो त्याच्या आतड्यात असतो. मग हळूहळू कडेच्या परांची रेघ उजेडात चमकते आणि पूर्ण आकृती डोळ्यांत भरते. तो पाण्यात अगदी निश्चल असतो, अलगद खाली बुडत जातो, मग अंगाला वर-खाली दोन-तीन झटके देऊन बाणासारखा पुढे सुटतो आणि पुन्हा स्तब्ध होतो. एखादा कोपेपॉड उड्या मारत त्याच्या दोन-तीन मिलिमीटर जवळ आला की पापणी लवायच्या आत डोकं वळतं, आकडे पंख्यासारखे उघडतात आणि मिटतात. पुढच्या क्षणी कोपेपॉड डोक्यात अडकलेला असतो, आणि बहुतेक वेळा हालचाल थांबलेली असते. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, तरी प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो.

ही शिकार डोळ्यांनी होत नाही. डोळे आहेत, पण ते प्रकाश कुठून येतो एवढंच सांगतात, चित्र उमटवत नाहीत. खरी जाणीव कातडीवर आहे. अंगभर, ओळीने, सूक्ष्म पक्ष्माभिकांची, म्हणजे केसांसारख्या तंतूंची, लहान लहान कुंपणं असतात आणि ती पाण्यातलं कंपन टिपतात. हॉरिज आणि बोल्टन या संशोधकांनी 1967 मध्ये दाखवून दिलं की ठरावीक वारंवारतेने थरथरणारं टोक जवळ नेलं तर बाणकृमी त्यावरही झडप घालतो. त्याच्या दृष्टीने भक्ष्य म्हणजे जवळ आलेली थरथर. यातून एक गोष्ट लगेच समजते: एकदम स्तब्ध राहणारा प्राणी त्याच्या तावडीतून सुटतो, आणि सतत हातपाय मारणारा कोपेपॉड सापडतो. दुसरंही समजतं. हा प्राणी स्वतः निश्चल का राहतो? स्वतःच्या हालचालीचा गोंगाट असेल तर दुसऱ्याची थरथर ऐकू येणार नाही.

त्याच 1967 च्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांची एक विलक्षण गोष्ट आहे. त्यांत स्पॅडेला सेफॅलॉप्टेरा या तळाशी राहणाऱ्या बाणकृमीच्या अंगात काही काटेरी, चातीसारख्या लांबट रचना दिसत होत्या. त्या केसांच्या प्रकारातल्या समजून सोडून दिल्या गेल्या. पन्नासेक वर्षांनी, 2019 मध्ये, त्या छायाचित्रांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा ते महाकाय विषाणू असल्याचं लक्षात आलं. लांबी जवळजवळ चार मायक्रोमीटर, म्हणजे अनेक जिवाणूंपेक्षाही मोठे. त्यातल्या एकाला हॉरिज यांच्या नावावरून मेगाक्लोथोव्हायरस हॉरिजी हे नाव दिलं आहे. जुन्या चित्रांकडे परत जायला हवं, असं मी नेहमी म्हणतो ते यामुळेच.

आता डोकं जवळून बघू. संघाचं शास्त्रीय नाव कीटोग्नॅथा, ग्रीक शब्दांतून आलेलं: 'केस' आणि 'जबडा'. हे नाव 1854 मध्ये लॉयकार्ट यांनी दिलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कायटिनचे वाकडे, विळ्यासारखे आकडे असतात, जातीनुसार एका बाजूला साधारण 4 ते 14. तोंडाच्या पुढे लहान दातांच्या ओळी असतात, बहुतेकांत एक पुढची जोडी आणि एक मागची. दातांच्या टोकांत सिलिकॉन आणि जस्त सापडलं आहे, म्हणजे कोपेपॉडचं कवच भेदायला टोक कडक केलेलं आहे. शिकार नसताना हे सगळं शस्त्रागार कातडीच्या एका घडीखाली झाकलेलं असतं. लहान बाळाच्या कुंचीसारखी ही घडी डोक्यावर ओढलेली असते, त्यामुळे पोहताना डोकं गुळगुळीत, निमुळतं राहतं. हल्ल्याच्या क्षणी कुंची मागे सरते आणि आकडे बाहेर येतात. बाटलीतल्या नमुन्यात काहींची कुंची वर, काहींची खाली अशी असते, आणि नवखा अभ्यासक त्यांना दोन वेगळ्या जाती समजतो. ही चूक पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

भक्ष्य इतक्या पटकन शांत का होतं, याचंही उत्तर मिळालं आहे. 1988 मध्ये थूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाणकृमींच्या डोक्यात टेट्रोडोटॉक्सिन असल्याचं दाखवलं. फुगणाऱ्या पफर माशात आणि निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसमध्ये असणारं हेच ते विष. मज्जातंतूंच्या पेशींमधले सोडियमचे मार्ग ते बंद करतं आणि स्नायू लुळे पडतात. हे विष बाणकृमीच्या सोबत राहणारे जिवाणू बनवत असावेत असं त्यानंतरच्या कामातून पुढे आलं. भक्ष्य चावलं जात नाही, अख्खं गिळलं जातं, आणि कोमट पाण्यात काही तासांत पचतं. भक्ष्यात पहिला क्रमांक कोपेपॉडचा. त्याशिवाय इतर कवचधारींची पिल्लं, माशांची नुकती जन्मलेली पिल्लं आणि स्वतःच्याच जातीचे लहान बाणकृमीही. पोटात दुसरा बाणकृमी, अगदी स्वतःच्या अर्ध्याहून जास्त लांबीचा, घडी घालून बसवलेला पाहिला तर गोंधळू नका. स्वजातिभक्षण त्यांच्यात सर्रास आहे.

शरीराचे तीन भाग: डोकं, धड, शेपूट. आतून आडव्या पडद्यांनी देहगुहा तीन कप्प्यांत विभागलेली असते. धड आणि शेपूट यांच्यामधला पडदा नीट शोधायला शिका, कारण पुढची सगळी मोजमापं त्यावर उभी आहेत. गुदद्वार याच पडद्याच्या पातळीवर पोटाच्या बाजूला असतं, त्यामुळे आतडं जिथे संपतं तिथे शेपूट सुरू होते असं लक्षात ठेवलं तरी चालतं. स्नायू लांबीच्या दिशेने चार पट्ट्यांत असतात. अंगाला वेढणारे गोल स्नायू नाहीत, म्हणून गांडुळासारखं आखडणं-पसरणं त्याला जमत नाही. आत द्रव दाबून भरलेला, बाहेर चिवट त्वचा, आणि वरच्या व खालच्या स्नायूंचं आळीपाळीने आकुंचन, एवढ्या भांडवलावर तो झेप घेतो. पर माशाच्या परांसारखे हलत नाहीत, त्यांच्यात स्नायूच नसतात. ते आडवे, पातळ, बारीक काड्यांनी ताठ ठेवलेले असतात. त्यांचं काम बुडण्याचा वेग कमी करणं आणि झेपेत तोल सांभाळणं.

हृदय नाही, कल्ले नाहीत, उत्सर्जनाचे वेगळे अवयव नाहीत. इतक्या सडपातळ अंगाला वायू आणि टाकाऊ पदार्थ कातडीतूनच ये-जा करून पुरतात. कातडी मात्र अनेक थरांची, जी अपृष्ठवंशीयांत जवळजवळ एकमेव आहे. मानेपाशी कित्येक जातींत ही त्वचा फुगीर होऊन एक गळपट्टी तयार होते. तरंगण्यासाठी काही जाती आणखी एक युक्ती करतात: पॅरासॅजिटा एलेगन्ससारख्या जातीत धडातल्या मोठ्या पोकळ पेशींत अमोनियम आयन साठवलेले असतात. जड आयनांच्या जागी हलके आयन आल्याने अंग हलकं होतं.

हे कृमी आहेत का? सवयीने म्हणतो, पण गांडूळ किंवा जळू यांच्याशी जवळचं नातं नाही. 18 व्या शतकात डच अभ्यासक मार्टिनस स्लॅबर यांनी त्याला सॅजिटा, म्हणजे लॅटिनमध्ये बाण, असं नाव दिलं. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरच्या प्रवासात हे प्राणी पाहिले आणि 1844 मध्ये त्यांच्या रचनेवर आणि प्रजननावर लेख लिहिला. नातं कोणाशी लावायचं हे कोडं त्यांनाही पडलं होतं, आणि पुढे दीडशे वर्षं ते सुटलं नाही. गर्भाची वाढ पाहिली तर ती तारामासा आणि पृष्ठवंशीय यांच्या गटासारखी वाटते, मज्जासंस्थेची मांडणी मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवते. 2019 मध्ये जनुकांच्या मोठ्या संचावर आधारित अभ्यासाने त्यांना नॅथिफेरा या गटाशी जोडलं, म्हणजे रोटिफरसारख्या, जबड्यात कडक भाग असलेल्या सूक्ष्म प्राण्यांशी. त्यांच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा) जनुकसंचही आखूड आहे: पॅरास्पॅडेला गोटोई या जातीत प्राण्यांत नेहमी आढळणाऱ्या 37 जनुकांपैकी फक्त 14 उरली आहेत.

वंश मात्र फार जुना. कॅम्ब्रियन काळातल्या खडकांत सुटे आकडे मिळतात, आणि काही ठिकाणी अख्ख्या प्राण्याचे ठसेही. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या खडकातून 2017 मध्ये वर्णन केलेल्या कॅपिनॅटेटर या प्राण्याच्या डोक्याच्या एका बाजूला सुमारे 25 आकडे होते, आजच्या कोणत्याही जातीपेक्षा कितीतरी जास्त. उत्तर ग्रीनलंडमधल्या सुमारे 51 कोटी 80 लाख वर्षं जुन्या खडकांतला टिमोरेबेस्टिया, ज्याचं वर्णन 2024 मध्ये आलं, स्पर्शकांसह 30 सेंटिमीटरपर्यंत लांब होता, आणि त्याच्या पोटात इसॉक्सिस नावाच्या संधिपादाचे अवशेष सापडले. धडाच्या पोटाकडच्या बाजूला असणारी मोठी मज्जाग्रंथी (मज्जापेशींची गाठ), जी आज फक्त बाणकृमींत दिसते, त्याच्यातही टिकून होती. तुमच्या डिशमधला दोन सेंटिमीटरचा प्राणी एके काळच्या मोठ्या शिकाऱ्यांच्या कुळातला आहे.

प्रजननाकडे लक्ष द्या, कारण वय आणि जात दोन्ही ठरवायला तेच उपयोगी पडतं. प्रत्येक प्राणी उभयलिंगी. अंडाशय धडाच्या मागच्या भागात आतड्याच्या दोन्ही बाजूंना, वृषण शेपटीत. आधी वृषण पिकतात, नंतर अंडाशय लांब होत पुढे सरकतात. शेपटीत पांढुरके, दाणेदार ढग फिरताना दिसले तर ते शुक्रपेशींचे पुंजके. ते तिथून कडेच्या शुक्राशयांत जातात, जे मागच्या परांच्या आणि शेपटीच्या पराच्या मधोमध दोन फुगवट्यांसारखे दिसतात. या फुगवट्यांचा आकार आणि जागा जातीजातीत इतकी ठाशीव वेगळी असते की पूर्ण वाढ झालेल्या नमुन्यात दुसरं काही न पाहताही कित्येकदा नाव सांगता येतं. फलन शरीरात होतं. स्पॅडेलाचा समागम प्रयोगशाळेत नीट पाहिला गेला आहे: दोघं जवळ येऊन ठरावीक हालचाली करतात आणि शुक्रपेशींचा गोळा दुसऱ्याच्या अंगावर ठेवतात, तिथून शुक्रपेशी जननरंध्राकडे सरकतात. अंडी बहुतेक जाती मोकळ्या पाण्यात सोडतात. टेरोसॅजिटा ड्रॅको मात्र ती चिकट गोळ्यात घालते आणि युक्रोह्निया अंगालगतच्या पिशव्यांत सांभाळते. डिंभावस्था नाही. कोमट पाण्यात एक ते तीन दिवसांत अंड्यातून थेट एक मिलिमीटरच्या आसपासचा लहान बाणकृमीच बाहेर येतो. उष्ण किनाऱ्यांवर पिढी काही आठवड्यांत पुरी होते. आर्क्टिक पाण्यातली पॅरासॅजिटा एलेगन्स मात्र एक-दोन वर्षं जगते आणि तिचा आकारही बराच मोठा होतो.

आता जाती. जगात सुमारे 130 ज्ञात जाती आहेत, लांबी काही मिलिमीटरपासून सुमारे 12 सेंटिमीटरपर्यंत. किनाऱ्याजवळ एका नमुन्यात सहसा थोड्याच जाती असतात, आणि त्यातली एखाद-दुसरीच संख्येने सगळ्यांवर मात करते. मोकळ्या समुद्राकडे आणि खोल पाण्याकडे जावं तशी जातींची संख्या वाढते, एकेका जातीतल्या प्राण्यांची संख्या मात्र कमी होते. गोड्या पाण्यात एकही जात नाही. खाडीच्या तोंडाशी क्षारता घसरली की जे प्रथम विरळ होतात त्यांत हे आघाडीवर असतात.

नावांच्या बाबतीत एक सूचना, जी वेळीच कोणी दिली तर पुष्कळ त्रास वाचतो. जुन्या लेखांत जवळजवळ सगळ्या जाती सॅजिटा या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, आहेत. जपानी शास्त्रज्ञ टोकिओका यांनी 1965 मध्ये आणि पुढे बिएरी यांनी 1991 मध्ये तिचे बरेच तुकडे केले. म्हणून सॅजिटा एनफ्लाटा आणि फ्लॅसिसॅजिटा एनफ्लाटा हे एकच, सॅजिटा बेडोटी आणि झोनोसॅजिटा बेडोटी हेही एकच. वहीत दोन्ही नावं शेजारी लिहीत जा.

उष्ण समुद्रांत सगळ्यात आधी ओळखायला शिकावी ती एनफ्लाटा. जगभरच्या उष्ण पाण्याच्या वरच्या थरात ती आहे. अंग फुगीर आणि लुळं, जणू पाण्याने भरलेली मऊ पिशवी. चिमट्याने उचलली की दुमडते. मानेला गळपट्टी नाही, काही जातींत आतड्याच्या सुरुवातीला दोन लहान कप्पे असतात तेही हिच्यात नाहीत, शेपूट आखूड, पुढचे पर लहान आणि पोटावरच्या मज्जाग्रंथीपासून बरेच मागे. हे चार मुद्दे एकदम जुळले की शंका उरत नाही. बेडोटी ही हिंदी-प्रशांत किनाऱ्यांची खास जात. तिचं अंग तुलनेने कडक, गळपट्टी स्पष्ट. टेरोसॅजिटा ड्रॅको तर लांबूनच कळते: कडेच्या परांची एकच जोडी, तीही शेपटीवर, आणि गळपट्टी अख्ख्या धडावर रुंद पसरलेली, त्यामुळे प्राणी आखूड आणि जाडजूड दिसतो. ही किनाऱ्याला आली तर बाहेरचं समुद्री पाणी आत शिरलं आहे असं समजा. क्रोह्नितामध्येही परांची जोडी एकच, पण शेपूट आणि धड दोन्हींवर पसरलेली, आणि आकडे फार वळलेले. परांची एक जोडी की दोन, हा पहिला प्रश्न विचारला की अर्धं काम झालं.

मोजमापांत सगळ्यात विश्वासाचं म्हणजे शेपटीचं शेकडा प्रमाण. शेपटीचा पर वगळून एकूण लांबी घ्या, पडद्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, टक्केवारी काढा. उदाहरणार्थ एकूण 16 मिलिमीटर आणि शेपूट 4 मिलिमीटर असेल तर प्रमाण 25. पर मोजायचा नाही, कारण तो जाळीत सर्वात आधी फाटतो. त्यानंतर आकडे मोजा, दोन्ही बाजूंचे. लहान प्राण्यांत वाढीबरोबर आकडे आणि दात यांची संख्या बदलते, म्हणून लांबी न लिहिता आकड्यांची संख्या लिहिली तर तिला अर्थ राहत नाही. डोकं कापून काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा आणि वर आच्छादक काच अलगद दाबा, दात मोजता येतात. पर आणि शुक्राशय पुसट दिसत असतील तर 'रोज बेंगाल' किंवा 'मिथिलीन ब्लू' या रंगद्रव्याचा पातळ रंग द्या, काही मिनिटांत कडा उठून दिसतात.

जतन करताना समुद्राच्या पाण्यात बनवलेलं 4 ते 5 टक्के फॉर्मॅलिन वापरा, आणि आम्लता मारण्यासाठी त्यात बोरॅक्स टाका. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेला बाणकृमी आकसून दोरीसारखा होतो, गळपट्टी गळून पडते, आणि ओळखायला हाताशी काही उरत नाही. डीएनएसाठी अल्कोहोल हवंच, म्हणून नमुना आधीच दोन भागांत विभागा. हा सल्ला साधा वाटतो, पण माझ्याकडे ओळखण्यासाठी आलेल्या बाटल्यांपैकी निम्म्यांत अडचण फक्त हीच होती.

पोटातल्या भक्ष्याचा अभ्यास करणार असाल तर सावध करतो. एकदा मी लांबलचक ओढलेल्या जाळीतल्या बाणकृमींची पोटं तपासली आणि बरीच माशांची पिल्लं सापडली. काहींच्या तर तोंडातच अर्धी अडकलेली. हे प्राणी किनाऱ्यावरच्या माशांच्या पैदाशीला मोठा धक्का देत असावेत असं मला वाटलं, आणि तसं मी सहकाऱ्यांना सांगितलंही. पुढच्या वेळी ओढ दोन मिनिटांवर आणली, नमुना लगेच फॉर्मॅलिनमध्ये घातला, आणि आतड्याच्या मागच्या अर्ध्या भागातलंच भक्ष्य मोजलं. पिल्लांचं प्रमाण एकदम खाली आलं. जाळीच्या टोकाच्या बाटलीत सगळे प्राणी दाटीवाटीने कोंबले जातात, आणि बाणकृमी तिथेही थरथरेवर झडप घालतच राहतो. तोंडात आणि आतड्याच्या सुरुवातीला असलेलं भक्ष्य म्हणूनच मोजायचं नाही. रात्रीचे आणि दिवसाचे नमुने वेगळे ठेवा, कारण बहुतेक जाती अंधार पडल्यावर वर येतात आणि तेव्हाच जास्त खातात.

जाती ओळखण्याचं मोल कशात आहे, याचं सर्वात चांगलं उदाहरण इंग्लिश खाडीतलं आहे. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ एफ. एस. रसेल यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ 1920 आणि 30 च्या दशकांत नियमित नमुने घेतले. तिथे दोन जाती होत्या, बाहेरच्या मिश्र पाण्यातली एलेगन्स आणि किनाऱ्याकडच्या पाण्यातली सेटोसा. ताज्या नमुन्यात दोघी जुळ्या बहिणींसारख्या, पण फॉर्मॅलिनमध्ये एलेगन्स अपारदर्शक आणि ताठ होते, सेटोसा पारदर्शक राहते. 1930-31 च्या सुमारास प्लिमथजवळची एलेगन्स हटली आणि तिची जागा सेटोसाने घेतली. त्याच काळात पाण्यातली फॉस्फेटची पातळी खाली आली, माशांची पिल्लं कमी झाली, हेरिंग माशांची मासेमारी ढासळली आणि पिल्चर्ड मासे वाढले. 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि 70 च्या सुरुवातीला एलेगन्स परतली, सोबत इतर बदलही उलटे फिरले. समुद्राच्या या दीर्घ चढउताराला आज रसेल चक्र म्हणतात. रसेल यांनी फक्त 'बाणकृमी' म्हणून एकत्र मोजणी केली असती तर हा सगळा उलटफेर आकड्यांत बुडून गेला असता.

उष्ण किनाऱ्यांवरही तेच तत्त्व चालतं. युक्रोह्निया हमाटा ध्रुवाजवळ वरच्या थरात राहते, विषुववृत्ताकडे तीच जात थंडावा शोधत खोल उतरते. अशा खोल पाण्याच्या जाती उथळ नमुन्यात दिसल्या की तळाचं थंड, पोषक पाणी वर येतंय का हे तपासा. तापमान आणि क्षारतेचे आकडे त्याच ठिकाणचे, त्याच वेळचे असतील तर ही जोड लगेच सिद्ध होते. नसतील तर नुसत्या जातीवरून निष्कर्ष काढू नका.

तुमच्या नमुन्यातले अर्धेअधिक बहुधा पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान, शुक्राशय नसलेले असतील. त्यांना ओढूनताणून नाव देऊ नका. 'अपक्व' असा वेगळा रकाना करा, लांबी लिहा, आणि जाळीच्या छिद्राचा आकार वहीत नोंदवा. 330 मायक्रोमीटरच्या जाळीतून नुकते जन्मलेले सुटून जातात, 200 च्या जाळीत बरेचसे अडकतात, त्यामुळे दोन जाळ्यांच्या संख्यांची तुलना करताना ही नोंद हाताशी असायला हवी. पहिल्या फेरीत पूर्ण वाढ झालेले वीस-पंचवीस प्राणी बाजूला काढा, परांच्या जोड्या पाहा, गळपट्टी पाहा, शेपटीचं प्रमाण काढा, आणि प्रत्येकाचं पेन्सिलने चित्र काढा. छायाचित्र घेतलंत तरी चित्र काढाच. रेघ ओढताना डोळा शुक्राशयावर थांबतो, कॅमेरा थांबत नाही.